आराखड्यातली रेघ हलली का?

समुद्रात बांधकाम करणाऱ्या कुठल्याही मोठ्या कंपनीचा शाश्वतता अहवाल उघडला की त्यात एक प्रकरण हमखास असते: हितसंबंधीयांशी संवाद. वर्षभरात किती बैठका झाल्या, किती गावांत झाल्या, किती लोक आले, किती सूचना नोंदवल्या, याचे तक्ते असतात. शेजारी होडीतल्या मच्छीमाराचे नाहीतर कासवाचे छायाचित्र असते. हे अहवाल खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. बैठका खरोखर झालेल्या असतात आणि सूचनाही खरोखर लिहून घेतलेल्या असतात. पण एका प्रश्नाचे उत्तर मी त्या पानांत दरवेळी शोधतो आणि ते क्वचितच सापडते. या बैठकांमुळे आराखड्यातली एक तरी रेघ हलली का? बांध दोनशे मीटर अलीकडे आला का, वाळू काढायची जागा बदलली का, दोन खांबांमधले अंतर वाढले का, माशांच्या विणीच्या महिन्यांत काम बंद ठेवायचे ठरले का?

बंदरे, लाटरोधक बांध, सागरी पूल, भराव, समुद्रातल्या पवनचक्क्या या सगळ्यांना माझी एकच कसोटी आहे. लोकांशी बोलल्याने आराखडा बदलू शकत असेल आणि लोकांनी हरकत घेतल्यावर चालू काम थांबू शकत असेल, तर तो सहभाग. या दोन्ही गोष्टींची सोय करारात नसेल, तर जे चालते ते माहिती देणे असते. माहिती देणेही आवश्यकच आहे, पण त्याच्या जोरावर कंपनीने स्वतःला जबाबदार म्हणवून घेऊ नये.

रेघ हलू शकते, आणि फार मोठी रेघ हलू शकते, हे नेदरलँड्सने दाखवून दिले आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रातल्या वादळाने तिथले बांध फोडले आणि १,८३६ माणसे मेली. पुन्हा असे होऊ नये म्हणून डेल्टा प्रकल्प आखला गेला आणि त्यात ऑस्टरस्खेल्डे या विस्तीर्ण खाडीचे तोंड बांध घालून कायमचे बंद करायचे ठरले. तसे झाले असते तर खाडीतली भरती-ओहोटी थांबली असती, खारे पाणी हळूहळू गोडे झाले असते आणि शिंपले व कालवे वाढवणाऱ्या येर्सेकेसारख्या गावांचा धंदा बुडाला असता. मच्छीमारांनी विरोध केला, निसर्गप्रेमी आणि शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. विरोध करणे किती अवघड असेल याचा विचार करा. समोरच्या बाजूला अठराशे मृतांची आठवण होती, आणि बांधाचा बराच भाग उभाही राहिला होता. तरीही सरकारने १९७४ मध्ये फेरविचार केला आणि १९७६ मध्ये संसदेने निर्णय बदलला. भरीव बांधाऐवजी दरवाजांचा अडसर उभारायचा, दरवाजे एरवी उघडे ठेवायचे आणि वादळात पाणी सरासरी पातळीच्या तीन मीटर वर चढण्याचा अंदाज आला की बंद करायचे. ६५ खांब आणि ६२ पोलादी दरवाजे असलेला हा अडसर ४ ऑक्टोबर १९८६ रोजी खुला झाला. डेल्टा प्रकल्पातले ते सर्वांत अवघड आणि सर्वांत खर्चिक काम ठरले.

या कामासाठी अभियंत्यांना नवी जहाजे बांधावी लागली. समुद्रतळ ठोकून घट्ट करणारे एक, तळावर चटया अंथरणारे एक, प्रचंड खांब उचलून जागेवर नेणारे एक. त्यांना नावे दिली गेली मिटिलस, कार्डियम, ऑस्ट्रेआ. ही सगळी शिंपल्या-कालवांची शास्त्रीय नावे आहेत. ज्या जिवांसाठी आराखडा बदलला त्यांचीच नावे यंत्रांना मिळाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या अभियंत्यांनी विरोधाकडे आडकाठी म्हणून पाहिले नाही. आपल्यासमोर आलेले नवे आणि अधिक अवघड गणित म्हणून पाहिले.

या गोष्टीचा शेवट मात्र गोड नाही, आणि तोही सांगायला हवा. दरवाजे उघडे असले तरी खांबांमुळे खाडीत येणारे-जाणारे पाणी कमी झाले. आता प्रवाहात इतका जोर उरलेला नाही की तो वाळू उचलून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यांवर परत नेऊन टाकेल. वादळे ते पट्टे खरवडतात, वाळू खोल नाळांत जाऊन बसते आणि तिथेच राहते. तिथले लोक याला वाळूची भूक म्हणतात. पक्ष्यांची खाण्याची जागा वर्षागणिक आक्रसते आहे आणि बाहेरून वाळू आणून पट्ट्यांवर टाकावी लागते आहे. चांगल्यात चांगल्या निर्णयाचेही परिणाम पुढची कित्येक दशके उलगडत राहतात. म्हणून उद्घाटनाबरोबर संवाद संपवणारी कोणतीही पद्धत मला अपुरी वाटते.

असे फेरविचार इतके कमी का होतात? यात माणसांच्या हेतूंचा दोष कमी आणि निर्णयांच्या क्रमाचा दोष जास्त आहे. आधी प्रकल्पाची घोषणा होते, मग व्यवहार्यता तपासली जाते, जागा ठरते, कर्जाची बोलणी होतात, आराखडा तयार होतो, आणि नंतर कुठे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी. सुनावणीच्या दिवशी भिंतीवर दाखवलेल्या नकाशात बांधाची जागा ठळक काढलेली असते. तिथे उठून कोणी म्हणाले, 'त्या टोकापाशी आमची जाळी लागतात, बांध तिकडे नको', तर समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात ते बदलणे नसतेच. तो फार तर लिहून घेतो. कंत्राटदार तर याच्याही नंतर येतो. त्याच्या हाती पूर्ण झालेली निविदा, ठरलेली मुदत आणि ठरलेली किंमत असते, आणि लोकांच्या रागाला तोंड देण्याचे काम बहुधा त्याच्याच लोकांवर येते.

यातूनच कंत्राटदार कंपन्यांचे आवडते वाक्य जन्माला येते: 'आम्ही फक्त काम करतो, निर्णय मालकाचा.' हे अर्धेच खरे आहे. जागा आणि हेतू मालक ठरवतो, हे मान्य. पण आराखडा आणि बांधकाम एकत्र देणाऱ्या करारांमध्ये वाळू कुठून आणायची, कोणते जहाज वापरायचे, कोणत्या महिन्यात कोणते काम करायचे यात कंत्राटदाराचा शब्द चालतो. मच्छीमाराच्या दृष्टीने बंदराच्या बांधाइतकीच वाळू काढण्याची जागा महत्त्वाची असते, अनेकदा जास्तच.

इंडोनेशियात मकासर इथे २०२० साली हेच घडले. नव्या बंदराच्या भरावासाठी स्पर्मोंडे द्वीपसमूहाजवळच्या समुद्रातून वाळू काढायला एका डच कंपनीचे ड्रेजर, म्हणजे समुद्रतळ उपसणारे जहाज, आले. बंदर शहराच्या किनाऱ्यावर, वाळू मात्र कोडिंगारेंग बेटावरच्या मच्छीमारांच्या सुरमईच्या जागेतून. पाणी गढूळ झाले, लाटा वाढल्या, मासळी मिळेनाशी झाली अशी त्यांची तक्रार होती. होड्या घेऊन ते ड्रेजरसमोर गेले, बायका मोर्च्यात पुढे होत्या, काहींना अटक झाली. त्यांना पैशांची पाकिटे देऊ केली गेली. एका मच्छीमाराने ते पाकीट फाडले म्हणून देशाच्या चलनाचे नुकसान केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर कारवाई झाली. पाकीट फाडणाऱ्याला काय म्हणायचे होते ते अगदी स्पष्ट आहे. त्याला भरपाईच्या रकमेवर घासाघीस करायची नव्हती. मासेमारीची जागा विकायला काढलेलीच नाही, हे त्याने सांगितले होते, आणि ते ऐकण्याची सोय त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती.

वाळूचा प्रश्न एका बेटापुरता नाही. जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्याच संस्थेने २०२३ मध्ये जहाजांच्या हालचालींवरून बांधलेल्या अंदाजानुसार समुद्रातून दरवर्षी ४ ते ८ अब्ज टन वाळू आणि गाळ उपसला जातो. हा सगळा माल कोणाच्या ना कोणाच्या मासेमारीच्या जागेतून येतो.

आता थोडे जहाजाच्या आत जाऊ, कारण कंपनीच्या धोरणाचे खरे रूप तिथे दिसते. ड्रेजर समुद्रतळावरून वाळू आणि पाणी एकत्र ओढून घेतो आणि ते मिश्रण जहाजाच्या पोटातल्या हॉपर नावाच्या टाकीत पडते. जड वाळू खाली बसते, वर गढूळ पाणी राहते. हॉपर वाळूने पुरता भरायचा तर हे पाणी बाहेर सोडावे लागते, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. ओव्हरफ्लो जितका वेळ चालू ठेवाल तितकी एका फेरीत वाळू जास्त मिळते, आणि तितकाच बारीक गाळ भोवतालच्या पाण्यात पसरतो. तो आधी बंद केला तर अर्धा हॉपर पाण्याचाच राहतो, फेऱ्या वाढतात, इंधन वाढते, दिवस वाढतात. ओव्हरफ्लोच्या नळात झडप बसवून पाण्याबरोबर जाणारी हवा कमी करता येते. मग बुडबुड्यांबरोबर गाळ वर येत नाही, गाळाचा लोट लवकर खाली बसतो. ही सोय आज उपलब्ध आहे. पण जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे चालककक्षात, उभ्या असलेल्या माणसाला दर फेरीला ठरवायचे असते की अजून किती वेळ भरायचे. कंपनीला घनमीटरमागे पैसे मिळत असतील आणि गढूळपणाबद्दल करारात अवाक्षर नसेल, तर तो काय ठरवणार? त्या माणसाने कंपनीचा शाश्वतता अहवाल वाचलेला असला तरी त्याच्या निर्णयात फरक पडणार नाही. करारातले कलम असेल तर पडेल.

समुद्रातल्या कामांच्या करारात काम थांबण्याची कल्पना मुळीच नवी नाही. लाटा ठरावीक उंचीच्या वर गेल्या की काम थांबते. तो दिवस कोणाच्या खात्यावर जाणार, मुदत वाढणार का, रिकाम्या उभ्या जहाजाचे भाडे कोण देणार, हे सगळे आधी लिहिलेले असते. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिडिकने, ड्रेजिंग आणि भरावाच्या कामांसाठी २००६ पासून वेगळा नमुना-करार दिला आहे, इतका हा व्यवसाय आपल्या जोखमींबाबत काटेकोर आहे. लाटेपुढे काम थांबवले म्हणून कोणी कंत्राटदाराला कामचुकार म्हणत नाही. मग पाण्याचा गढूळपणा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, किंवा सागरी गवतावर गाळ बसू लागला, तर थांबलेला दिवसही तसाच का मोजू नये? वादळाचा दिवस करारात आहे आणि गढूळ पाण्याचा दिवस नाही, त्यामुळे ती थांबण्याची किंमत कोणीच देत नाही. शेवटी ती किनाऱ्यावरचा माणूस देतो. पर्यावरणीय मर्यादेमुळे थांबलेल्या दिवसाचा खर्च मालकाने उचलायचा, निष्काळजीपणामुळे थांबलेल्या दिवसाचा कंत्राटदाराने, अशी साधी विभागणी निविदेतच लिहिता येते.

हे करून दाखवलेले आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणारा, १ जुलै २००० रोजी खुला झालेला ओरेसुंड सामुद्रधुनीतला पूल-बोगदा बांधताना उपसलेल्या मालापैकी सरासरी ५ टक्क्यांहून अधिक गाळ पाण्यात सुटता कामा नये अशी अट घातली गेली आणि ती कंत्राटदारावर बंधनकारक होती. गाळ मोजत राहायचा, सागरी गवत आणि शिंपल्यांवर लक्ष ठेवायचे, आकडा वर जाऊ लागला की कामाची पद्धत बदलायची. त्याहून मोठी अट होती ती बाल्टिक समुद्राच्या प्रवाहाची. या सामुद्रधुनीतून बाल्टिकमध्ये खारे, प्राणवायूयुक्त पाणी जाते, त्यात पुलामुळे काहीही फरक पडता कामा नये असे ठरले होते. ते पाळण्यासाठी कृत्रिम बेटाचा आणि रस्त्याचा आकार सुधारला, आणि उरलेल्या अडथळ्याची भरपाई करण्यासाठी तळ जास्तीचा खोदला गेला. इथे रेघ हलली, कारण अट रेघेच्या आधी आली.

जर्मनीतला अनुभव तर या उद्योगातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. पवनचक्कीचा खांब समुद्रतळात ठोकताना होणारा आवाज पाण्याखाली फार दूरवर जातो, आणि ध्वनीवरच जगणाऱ्या पॉरपॉइजसारख्या छोट्या सस्तन प्राण्यांना तो बहिरे करू शकतो. जर्मनीने मर्यादा घातली: खांबापासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनिपातळी १६० डेसिबलच्या आत हवी. (पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, त्यामुळे या आकड्याची रस्त्यावरच्या भोंग्याशी तुलना करू नये.) सुरुवातीला ही मर्यादा पाळणे जमत नव्हते. मग कंपन्यांनी कामाला हात घातला. खांबाभोवती समुद्रतळावर छिद्रांची नळी वर्तुळात अंथरायची, तिच्यात जोराने हवा सोडायची आणि वर चढणाऱ्या बुडबुड्यांच्या पडद्याने आवाज अडवायचा. काही वर्षांत ही पद्धत रुळली आणि आज इतर देशही ती मागतात. कोणत्याही ऐच्छिक प्रतिज्ञापत्राने इतक्या लवकर एवढे साधले नसते. जे आज अशक्य म्हणून सांगितले जाते ते अनेकदा अजून कोणी मागितलेले नसते.

आकडे घातले की मोजणे आले, आणि मोजणारा कोण हा प्रश्न आला. मच्छीमार आणि कंपनी यांच्यातले बहुतेक भांडण या एका जागी अडते. ऑस्ट्रेलियात ग्लॅडस्टोनच्या बंदरात मोठे ड्रेजिंग चालू असताना २०११ मध्ये माशांच्या अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसू लागल्या. सप्टेंबरमध्ये मासेमारी काही आठवडे बंद ठेवावी लागली. मच्छीमारांनी ड्रेजिंगकडे बोट दाखवले, सरकारी बाजूने त्या वर्षीच्या महापुराचे कारण पुढे केले. गाळ साठवण्यासाठी बांधलेली भिंत गळत होती हेही समोर आले, आणि २०१४ मधल्या स्वतंत्र चौकशीने त्या भिंतीचा आराखडा आणि बांधकाम दोन्हींत त्रुटी दाखवल्या. मासे नक्की कशाने आजारी पडले यावरचा वाद मात्र कायम राहिला. काम सुरू होण्याआधीची स्थिती दोन्ही बाजूंनी मिळून मोजून ठेवलेली नसेल, तर नंतर मिळालेला कोणताही आकडा एका बाजूचाच वाटतो.

याउलट मलेशिया आणि सिंगापूरचा वाद पाहा. जोहोरच्या सामुद्रधुनीत सिंगापूरने भराव टाकायला घेतला तेव्हा मलेशियाने २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. ८ ऑक्टोबर २००३ च्या आदेशात न्यायाधिकरणाने दोन्ही देशांना मिळून स्वतंत्र तज्ज्ञांचा गट नेमायला आणि परिणामांचा एकत्र अभ्यास करायला सांगितले. तज्ज्ञ दोघांचे, मोजमापे एकच. २००५ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली, त्यात पुलाउ तेकोंग या सिंगापूरच्या बेटाजवळच्या भरावाच्या किनाऱ्याची आखणी बदलली गेली आणि मलेशियातल्या मच्छीमारांना भरपाई मिळाली. दोन सार्वभौम देशांना हे जमते तर एका बंदर प्रकल्पाला आणि चार गावांना का जमू नये? मोजणीचा खर्च प्रकल्पाने द्यावा, पण मोजणारी संस्था दोघांनी मिळून निवडावी, उपकरणे कुठे लावायची ते मच्छीमारांना विचारून ठरवावे आणि आकडे दोघांना एकाच वेळी दिसावेत. यात तांत्रिकदृष्ट्या अवघड काहीच नाही.

मच्छीमारांना विचारून, हे मी भावनेपोटी म्हणत नाही. गाळ अडवण्यासाठी पाण्यात कापडी पडदे लावतात, वर फ्लोट आणि खाली साखळीचे वजन. शांत पाण्यात त्यांचा उपयोग होतो. प्रवाह सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास पोहोचला की पडदा फुगतो, खालची कड वर उचलली जाते आणि गाळ तिच्याखालून निघून जातो. उधाणाच्या दिवसांत कोणत्या नाळेत पाणी किती ओढते हे तिथे रोज जाळे टाकणाऱ्याला तोंडपाठ असते. अहवालातल्या छायाचित्रात पडदा सरळ दिसतो, तो कोणत्या भरतीला आडवा होतो हे त्याला विचारा. अशा ज्ञानाला अहवालांत पारंपरिक ज्ञान म्हणून वेगळ्या चौकटीत बसवतात. त्याची जागा आराखड्याच्या हिशोबात आहे.

कोणाला विचारायचे, यातही मोठी गफलत होते. यादी बनवताना परवानाधारक होड्या मोजतात. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो, त्यामुळे जमीन संपादनाच्या सवयीने काम करणाऱ्या यंत्रणेला तिथे गमावणारा माणूसच दिसत नाही. ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचणारी बाई, मासळी विकत घेऊन सुकवणारी बाई, होडी नसलेला खलाशी हे कोणत्याच यादीत येत नाहीत. जगभरातल्या छोट्या मासेमारीच्या साखळीत दर दहा माणसांत चार बायका आहेत, आणि भरावाखाली सर्वांत आधी गाडला जातो तो नेमका त्यांचा उथळ किनारा. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१२ च्या मानकांमध्ये सागरी संसाधनांपर्यंतची वाट बंद होणे हे विस्थापनाचे कारण मानले आहे. इक्वेटर तत्त्वे, म्हणजे प्रकल्पांना कर्ज देतानाची पर्यावरणीय आणि सामाजिक पथ्ये, स्वीकारणाऱ्या बँकांनी जगातल्या बऱ्याच भागांतल्या प्रकल्पांसाठी हीच मानके मान्य केली आहेत. म्हणजे तत्त्व कागदावर आले आहे. मालकीऐवजी वापर मोजण्याची मेहनत घ्यायची तयारी हवी, आणि ती मेहनत एका भरतीत संपत नाही. चारही ऋतू किनाऱ्यावर घालवावे लागतात.

यावरचा मोठा आक्षेप उशिराचा असतो. लोकांना विचारत बसलो तर कामे कधी होणार? समुद्राची पातळी वाढते आहे, किनाऱ्यांना संरक्षण हवे आहे, कोळसा सोडायचा तर समुद्रात पवनचक्क्या हव्यात. या निकडी खऱ्या आहेत आणि मी त्या हलक्या मानत नाही. पण उशीर कशाने होतो ते तपासून पाहा. हाँगकाँग-झुहाई-मकाव पुलाच्या हाँगकाँगमधल्या भागाची पर्यावरण परवानगी तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मधले महिने गेले. वाद होता तो प्रकल्प झाला नाही तर हवा कशी राहील याचे स्वतंत्र मूल्यमापन अहवालात हवे होते का, यावर. तो प्रश्न सुरुवातीला एका टेबलाशी बसून सोडवता आला असता. शेवटी विचारलेला प्रत्येक प्रश्न महाग पडतो, आणि त्याचे खापर विचारणाऱ्यावर फुटते. पवनचक्कीसाठी उभारलेला खांबही मच्छीमाराच्या जाळ्याच्या वाटेत येतोच. प्रकल्प हवामानाच्या भल्याचा आहे म्हणून त्याला या हिशोबातून सूट मिळू नये.

दुसरा आक्षेप असा की गावात एकमत नसते, पुढारी लोकांच्या नावाने स्वतःचे साधून घेतात. असे होते. नोकरी हवी असणारा तरुण आणि जाळे सोडायला तयार नसलेले त्याचे वडील एकाच घरात असतात. म्हणूनच एका पुढाऱ्याची सही घेऊन मोकळे होणे चुकीचे, आणि म्हणूनच बैठका वेगवेगळ्या गटांशी, बायकांशी वेगळ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि त्यांच्या भाषेत व्हायला हव्यात. मतभेद आहेत या सबबीवर सगळ्यांनाच वगळणे हा उपाय नाही.

कार्बनबद्दलही बोलले पाहिजे, कारण कंपन्यांच्या अहवालांत आता सर्वाधिक पाने त्यालाच मिळतात. ड्रेजर प्रचंड इंधन जाळतात. जैवइंधन, वायूवर चालणारी जहाजे, कमी फेऱ्यांत जास्त काम हे सगळे प्रयत्न खरे आणि गरजेचे आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये जहाजवाहतुकीसाठी २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले, त्याचा दबाव योग्यच आहे. माझी हरकत एवढीच आहे की एका टन कार्बनचा हिशोब जगात कुठेही जुळवता येतो, पण गाळाखाली गेलेले सागरी गवत दुसरीकडे कमी इंधन जाळल्याने परत येत नाही. शिवाय दोन्ही हेतू एकमेकांना छेदतात. ओव्हरफ्लो लवकर बंद केला तर फेऱ्या वाढतात आणि इंधन जास्त लागते, हे वर आलेच. अशा वेळी काय पसंत करायचे हे कंपनीच्या मुख्यालयात ठरते, आणि त्या खोलीत किनाऱ्यावरचे कोणी नसते.

काम संपल्यानंतरचा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. जहाज निघून जाते, तक्रारीसाठी दिलेला फोन नंबर बंद होतो, जनसंपर्क अधिकारी पुढच्या प्रकल्पावर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या व्यवसाय आणि मानवी हक्कविषयक तत्त्वांत तक्रार यंत्रणा कशी असावी याचे निकष दिलेले आहेत: ती सहज गाठता येईल अशी, विश्वासार्ह, ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारी हवी. पण किनारा बदलायला वेळ लागतो. बांधाच्या एका बाजूला वाळू साचणे आणि दुसऱ्या बाजूला किनारा खचणे हे उद्घाटनानंतर अनेक वर्षांनी लक्षात येते, आणि तोवर तक्रार घ्यायला कोणी उरलेले नसते.

बांधकामाच्या करारात मालक काही रक्कम राखून ठेवतो आणि दोषदायित्वाचा काळ संपल्यावर ती कंत्राटदाराला मिळते. काँक्रीटला तडा गेला तर त्या पैशातून दुरुस्ती होते. माझी मागणी अशी की त्या रकमेचा एक हिस्सा किनाऱ्यासाठी राखावा, आणि तेवढाच हिस्सा मालकानेही स्वतःच्या खिशातून त्यात घालावा, कारण बांधाची जागा त्याने ठरवलेली असते. दोघांनी मिळून नेमलेल्या संस्थेचे मोजमाप किमान पाच वर्षे चालावे. त्यात किनाऱ्याची रेघ, तळाची खोली, सागरी गवताचा विस्तार आणि गावाच्या मासळीच्या नोंदी असाव्यात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बिघाड दिसला तर या रकमेतून दुरुस्ती आणि भरपाई व्हावी, नाही दिसला तर ज्याचे त्याला पैसे परत मिळावेत. कर्ज देणाऱ्या बँकांनी ही अट कर्जाच्या करारात घातली तर पुढच्याच निविदेपासून ती लागू होऊ शकते, त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. अशा अटीखाली काम घेणारी कंपनी आराखड्याच्या टप्प्यावरच मच्छीमारांकडे जाईल आणि विचारेल की इथे पाणी कसे वाहते. तिचे पैसे त्या उत्तरावर अवलंबून असतील.